सगळं वाचून आलेली बाई

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला, कुणी एखादी गोष्ट करायला सांगितली की त्या ती करतात. ऐकायला हा गुण वाटतो. सव्वीस वर्षं त्यांच्या सहवासात काढल्यावर मी सांगते, हा धोका आहे. एकदा डॉक्टर त्यांना म्हणाले, "भरपूर चालत जा." बाई दवाखान्यातून निघाल्या त्या शेजारच्या गावी पोचल्या आणि तिथून मला फोन, "एवढं भरपूर झालं असेल का गं, की अजून पुढे जाऊ?"

वय चौसष्ट. उंची बेताची, आवाज मात्र दोन मजल्यांना पुरेल असा. आमच्या खालच्या दोन खोल्यांत गेली तेहतीस वर्षं त्यांचा शिवणाचा क्लास चालतो. सात मशीनं, त्यातली सहा पायाची आणि एक मोटरवरची. गल्लीतल्या निम्म्या बायकांनी तिथे सुईत दोरा ओवायला शिकून घेतलं आहे. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात.

नव्या मुलीला पहिल्या दिवशी त्या काहीही शिकवत नाहीत. स्वतःचा जाड भिंगांचा चष्मा तिच्या नाकावर चढवतात, मशीनखाली जीन्सच्या कापडाची आठपदरी घडी ठेवतात आणि म्हणतात, "चालव जोरात." दोन मिनिटांत सुई कडकन मोडते. मुलगी रडकुंडीला येते. बाई चष्मा काढून घेतात आणि म्हणतात, "मोडली ना? झालं. याहून वाईट काही होत नसतं. आता नीट बस." पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी लग्न होऊन नवीन आलेली. मी विचारलं, "वन्सं, डोळ्यात उडाली तर?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर माझा चष्मा. मला त्या वेळी काही दिसत नाही, पण बघायला तरी काय असतं त्यात?"

आता माझ्या मुलीबद्दल सांगते, कारण वन्संनी जो पराक्रम केला तो तिच्यापायी.

ती एकोणीस वर्षांची आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. हुशार आहे, हे मी आई म्हणून म्हणत नाही, तिचे सरही म्हणतात. पण प्रश्न विचारायचा म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटते. शाळेत पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून आठवडाभर भरलेली बाटली घेऊन ती तशीच घरी यायची, आणि मी समजायचे की पोर झाडाझुडपांवर दया म्हणून पाणी वाचवते आहे.

या वर्षी तिनं प्रोजेक्टसाठी आत्याच्या क्लासातलीच अडचण उचलली. मशीनच्या पोटात बॉबिन असते, खालच्या दोऱ्याचं छोटंसं रीळ. ते केव्हा संपतं ते वरून दिसत नाही. मुली मोठ्या ऐटीत वीतभर, हातभर शिवत जातात आणि कापड उचललं की कळतं, मघापासून नुसतीच भोकं पडत होती. तर तिनं ठरवलं, दोरा संपत आला की लाल दिवा लागेल असं यंत्र करायचं. छोटा बोर्ड, दोन-चार वायरी, एक दिवा. सगळं जोडलं आणि दिवा लागला. दोरा संपल्यावर नव्हे, कधीही. हात जवळ नेला की लागायचा, दूर केला की विझायचा. मी पोळपाट घेऊन शेजारून गेले तरी लागला. क्लासातली एक मुलगी म्हणाली, "बाई, मशीनमध्ये काहीतरी शिरलंय," आणि त्या दिवसापासून खिडकीजवळच्या मशीनवर बसू लागली.

दोन आठवडे धीर गोळा करून मुलीनं इंटरनेटवरच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. तिथे बोर्ड आणि वायरीवाली जाणकार मंडळी एकमेकांच्या अडचणी सोडवतात, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. प्रश्न मी नंतर वाचला. वीस ओळी, तीन फोटो, आणि सुरुवातीलाच, 'मी नवीन आहे. चूक असेल तर माफ करा.'

अकरा मिनिटांत उत्तर आलं. उत्तर देणाऱ्यानं स्वतःचं नाव ठेवलं होतं महारथी७. तो लिहितो, 'हा प्रश्न नाही, हा गोंधळ आहे. मूलभूत गोष्टी येत नसतील तर बोर्डाला हात लावू नये. शिलाई मशीनशीच खेळायचं असेल तर शिवणकाम शिका. ते सोपं असतं.' खाली त्रेचाळीस लोकांनी खिदळणारे चेहरे चिकटवले होते. मग त्यानंच प्रश्नावर 'बंद' असा शिक्का मारला. म्हणजे उत्तर द्यायची कुणाला इच्छा झाली तरी देता येऊ नये, अशी सोय.

मुलीनं बोर्ड बुटांच्या खोक्यात घातला, खोकं पलंगाखाली ढकललं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. कोर्स सोडण्याचा. पालकाची सही हवी. तीस तारखेला पाच वाजेपर्यंत ऑफिसात द्यायचा.

"आणि मग काय करणार?" मी विचारलं.

"ग्रंथपालाचा कोर्स."

"का गं?"

"तिथे मला कुणाला काही विचारावं लागणार नाही. लोक मला विचारतील. आणि मी त्यांना हसणार नाही."

मी सही टाळायला लागले. पहिल्या दिवशी चष्मा सापडेना. दुसऱ्या दिवशी पेन. तिसऱ्या दिवशी मनगट दुखत होतं. चौथ्या दिवशी माझा नवरा म्हणाला, "सही कर नाहीतर करू नकोस, पण माझी पेनं पिठाच्या डब्यात लपवू नकोस. ऑफिसात शिंका येतात." माझं मनातल्या मनात पोरीचं पुढचं सगळं आयुष्य बघून झालं होतं. ती लायब्ररीत एकटी बसली आहे, अंधार पडलाय, आणि बाटलीचं झाकण उघडत नाहीये.

शेवटी मी खाली गेले आणि वन्संना सगळं सांगितलं. त्या टेबलावर कापड बेतत होत्या. पोरीला लोक हसले, म्हटलं, कात्री चालू. कोर्स सोडते म्हणते, म्हटलं, कात्री हळू झाली. मग मी मोबाइलवर महारथीचं उत्तर वाचून दाखवलं. कात्री थांबली.

"शेवटचं पुन्हा वाच."

"ते सोपं असतं."

"काय सोपं असतं?"

"शिवणकाम."

वन्सं क्लासकडे वळल्या. "मुलींनो, बाही लावणं सोपं असतं का?"

सातही मशीनं थांबली. "नाही, बाई!"

"कॉलर?"

"नाही, बाई!!"

"हं," वन्सं म्हणाल्या. "आणि नावापुढे सात का गं याच्या?"

"आधीच्या सहा जणांनी तेच नाव घेतलं असेल," एक मुलगी म्हणाली.

"म्हणजे सातवा आला आणि एवढी ऐट!"

त्याच दुपारी त्यांनी त्या फोरमवर खातं काढलं. नाव, शिवणबाई. पोरीला सांगायचं नाही, असं मला बजावलं. मग मोबाइलवर एका बोटानं, तासभर लागून, पत्र लिहिलं. 'आदरणीय मंडळींस सप्रेम नमस्कार. आपण सर्व कुशल असाल. माझ्या भाचीचा दिवा आपोआप लागतो, त्यावर तिला उत्तराऐवजी बोलणी मिळाली. कृपया खुलासा व्हावा. सर्वांच्या घरच्यांना आशीर्वाद.'

महारथी७ तिथे पहाऱ्यावरच असावा. लगेच उत्तर. 'हा पत्रव्यवहाराचा अड्डा नाही. आधीच्या चर्चांचे जुने धागे वाचा. सगळं वाचून मग विचारा.'

इतर कुणी हे वाचून कपाळावर आठ्या घातल्या असत्या आणि मोबाइल बाजूला ठेवला असता. वन्संनी चष्मा पुसला.

"किती आहे गं सगळं?"

"चारशे बारा पानं," मी बघून सांगितलं. "अकरा वर्षांचं. पण वन्सं, तसं म्हणायची पद्धत असते. खरंच वाचायचं नसतं."

"पद्धत असते म्हणजे? मी मुलींना 'आधी माप घ्या' म्हणते ते काय पद्धत म्हणून?"

"अहो, आजवर कुणीच वाचलं नसेल ते!"

"मग बरंच झालं. कुणीतरी वाचायला हवं." आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभं राहून हिशेब केला, दिवसाला वीस पानं, एकवीस दिवस, सत्तावीस तारीख. "तीसच्या आत होतंय. तोवर तू चष्मा हरव."

झालं! दुसऱ्या दिवसापासून क्लासात पारायणच सुरू झालं. फोरमवर नवं वर आणि जुनं खाली, त्यामुळे वन्सं उलट्या दिशेनं, आजपासून मागे निघाल्या. स्वतःचे डोळे थकले की एखाद्या मुलीला मोठ्यानं वाचायला बसवायच्या. बाकीच्या शिवता शिवता ऐकायच्या. वहीत तीन रकाने, कुणी विचारलं, कुणी सांगितलं, कुणी वसकन अंगावर आलं. तिसरा रकाना दुसऱ्या दिवशीच भरला. त्याला पुरवणी जोडावी लागली.

आठवड्यात मुलींना चटक लागली. मी भाजी आणायला जिन्यातून उतरले की आतून आवाज यायचा, "बाई, आज महारथी कुणाला बोलला?" एकशे त्र्याहत्तराव्या पानावर फोरमवरच्या दुसऱ्याच दोघांचं चांगलं जुळतंय असं सगळ्यांना वाटलं होतं. तो तिला वायरी कशा सोलायच्या ते फार हळुवारपणे सांगत होता. एकशे ऐंशीव्या पानावर कळलं की ती 'ती' नसून निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. एक मुलगी दोन दिवस नाराज होती. काजं करता करता पोरी 'व्होल्टेज' म्हणू लागल्या. एका गिऱ्हाईक बाईंचा ब्लाऊज घट्ट झाला तर आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "थांबा, लोड जास्त पडतोय."

मला मात्र काळजी. वन्संच्या डोळ्यांची, पोरीच्या फॉर्मची, आणि त्या फोरमवाल्यांचीही. "वन्सं, हे कॉम्प्युटरवाले लोक. चिडले तर आपल्या घरातली वीज बंद पाडतील."

"पाडू देत. सहा मशीनं पायाची आहेत."

तिकडे वर मुलगी रोज विचारायची, "आई, सही?" आणि मी रोज नवीन आजार शोधायचे. चोवीस तारखेपर्यंत मला इतके आजार झाले होते की नवऱ्यानं गंभीरपणे विम्याची कागदपत्रं काढून बघितली.

सत्तावीस तारखेला दुपारी खालून अशी किंकाळी आली की माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मला वाटलं, सुई गेली कुणाच्या तरी डोळ्यात. धावत खाली गेले तर सात मुली पोट धरून मशीनांवर आडव्या पडलेल्या, आणि वन्सं मधोमध उभ्या, मोबाइल दोन्ही हातांत धरून.

"चारशे बारावं पान," त्या म्हणाल्या. "वाच."

अकरा वर्षांपूर्वीचा प्रश्न होता. मी वाचला. 'नमस्कार सर. मी नवीन आहे. चूक असेल तर माफ करा. मी हात जवळ नेला की माझा दिवा लागतो. आई नेते तेव्हा कमी लागतो. माझ्या अंगात जास्त वीज आहे का? यावर काही उपाय आहे, की डॉक्टरांना दाखवू?'

विचारणाऱ्याचं नाव, महारथी७.

खाली सोल्डरआजोबा नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं होतं. 'बाळा, डॉक्टर नकोत. तुझी एक वायर मोकळी लोंबते आहे, ती आजूबाजूची वीज उचलते. त्या वायरीपासून ग्राउंडला दहा हजार ओहमचा रेझिस्टर लाव, शांत होईल. आईची वीजही अगदी ठीक आहे असं तिला सांग. पुन्हा अडलं की विचार.'

"बाई, टाका! आत्ताच्या आत्ता टाका!" मुली ओरडत होत्या. "सगळ्यांना दाखवा!" खोटं कशाला बोलू, मीही ओरडत होते. बहुधा सगळ्यांत मोठ्यानं.

वन्सं खाली बसल्या आणि एका बोटानं लिहू लागल्या. संपूर्ण क्लास त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

'महारथी सातवे यांस शिवणबाईचा नमस्कार. आपण सांगितल्याप्रमाणे सगळं वाचलं. चारशे बारा पानं, एकवीस दिवस. बॅटरी उलटी लावण्याबद्दल दोनशे सहाव्या पानावर आपण जे समजावलं आहे ते फार छान आहे, माझ्या मुलींना एका झटक्यात कळलं. सगळं वाचून मग विचारा म्हणालात, म्हणून आता विचारते. शेवटच्या पानावर आपण अंगातल्या विजेची तक्रार केली होती. तब्येत आता कशी आहे? आईंची वीज वाढली का? कळावे, लोभ असावा. ता. क. शिवणकाम सोपं नसतं. कधी इकडे आलात तर बाही लावून दाखवा.'

"काय टोमणा आहे, वन्सं!" मी म्हटलं.

"टोमणा कसला? पोर डॉक्टरकडे जायचं म्हणत होतं. पुढे काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही. मी सगळं वाचलंय."

त्यांना खरंच काळजी वाटत होती.

तासाभरात फोरमवर धुमाकूळ उडाला. त्रेचाळीस काय, तीनशे खिदळणारे चेहरे. मग अचानक जुनी जुनी माणसं आपापल्या पहिल्या चुका सांगायला लागली. एकानं लिहिलं, 'मी बोर्ड साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातला होता.' दुसरा म्हणाला, 'रेझिस्टर उलटा लागला म्हणून मी दोन दिवस रडलो. त्याला उलटं-सुलटं नसतंच हे तिसऱ्या दिवशी कळलं.' स्टेशनमास्तरांनीही काहीतरी सांगितलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फक्त महारथी७ गप्प. पहिला दिवस मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दुसऱ्या दिवशी मला त्याचीच काळजी वाटायला लागली. त्यालाही आई असेल. कमी वीज असलेली का होईना. ती दाराबाहेर ताट घेऊन उभी असेल आणि हा दार उघडत नसेल.

एकोणतीसला सकाळी त्याचं उत्तर आलं. 'आई बरी आहे. तिला तुमचं पत्र दाखवलं, ती कालपासून हसते आहे. मला तेव्हा कुणी हसलं नव्हतं, हे मी विसरलो होतो. तुमच्या भाचीचा प्रश्न उघडला आहे, खाली उत्तर दिलं आहे. शिवणकामाचं मागे घेतो. आईनं मला बाही लावायला बसवलं होतं.'

एवढ्या आरडाओरड्यात मुलीला न कळणं शक्यच नव्हतं. ती खाली आली. वन्संनी तिच्या हातात मोबाइल दिला. तिनं तिचा प्रश्न वाचला, मग त्याचा. 'मी नवीन आहे. चूक असेल तर माफ करा.' दोघांचे शब्द अगदी तेच. तिच्या खांद्यांना आधी थोडा हिसका बसला. मला वाटलं, रडते. पण ती हसत होती. इतकी हसली की उचकी लागली, पाणी दिलं, तर पाणी नाकातून आलं.

"आत्या, तू चारशे बारा पानं वाचलीस?"

"त्यानं सांगितलं ना वाच म्हणून."

खोकं पलंगाखालून बाहेर आलं. रेझिस्टर लागला. मुलगी पायाच्या मशीनवर बसली, आम्ही सगळ्या भोवती. हात नेला, दिवा गप्प. मी पोळपाट आणून फिरवला, दिवा गप्प. बॉबिनचा दोरा संपत आला आणि लाल दिवा लागला. क्लासनं टाळ्यांचा कडकडाट केला.

मग कुणीतरी म्हणालं, "आता मोटरच्या मशीनवर लाव."

लावला. मोटर सुरू केली आणि दिवा थंडी भरल्यासारखा थरथरायला लागला. मोटर बंद, दिवा शांत. मोटर चालू, पुन्हा थरथर.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं. मुलीनंही.

"माझ्याकडे काय बघता?" वन्सं सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मोटरचं त्यात काही नाही. मी सगळं वाचलंय. नवीनच विचारावं लागेल."

"तू विचार ना, आत्या. तुला आता सगळे ओळखतात."

"मला काय कळतं त्यातलं? मी विचारलं तर ते उत्तर देतील, आणि ते उत्तर मला कळणार नाही. मग पुन्हा तुझ्याकडेच यायचं."

मुलीचा चेहरा पडला. जिना चढताना मला म्हणाली, "हसणं वेगळं, आई. पुन्हा विचारणं वेगळं. तू उद्या सही कर."

तीस तारखेला जेवणाच्या टेबलावर डाव्या बाजूला फॉर्म होता, उजव्या बाजूला लॅपटॉप, आणि मधे ती. मी ओट्यापाशी कोरडी भांडी पुन्हा पुन्हा पुसत होते. माझे आजार संपले होते. तीन वाजले. तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं. साडेतीन. खालून मशीनांचा आवाज येत होता. साडेचारला ती म्हणाली, "आई, 'चूक असेल तर माफ करा' लिहू?"

"मला काय विचारतेस? मला तर मोबाइलवरून फोटो कसे पाठवायचे ते विचारायची अजून लाज..." आणि मी जीभ चावली.

तिनं ते वाक्य लिहिलं. वाचलं. मग काढून टाकलं. 'मोटर सुरू झाली की दिवा थरथरतो, पायाने चालवलं की नाही. काय तपासू?' इतकंच ठेवलं. डोळे मिटले आणि बटण दाबलं.

सहा मिनिटं काही नाही. माझ्या हातातली वाटी आता झिजून पारदर्शक होईल असं वाटत होतं. सातव्या मिनिटाला टिंग झालं. कुणी झंझावात म्हणून होता. 'हा काय प्रश्न झाला?'

ती पांढरीफटक पडली. मला बघवेना. मी पुढे झाले, म्हटलं, "बंद कर ते. आण इकडे, मी सही करते." पेन कधी नव्हे ते माझ्या हातातच होतं.

"थांब," ती म्हणाली. आणि भराभरा टाइप करायला लागली. मी तिच्या मागे उभी राहून वाचलं. 'हा नवीन माणसाचा प्रश्न झाला. तुम्हाला उत्तर येत असेल तर सांगा. येत नसेल तर लाजू नका, आपण दोघं मिळून वाट बघू.'

पाठवून टाकलं. मग खुर्चीत मागे रेलून बसली, पाय वर घेतले आणि खरंच वाट बघायला लागली. टिंग. झंझावात म्हणत होता, 'मलाही नाही माहीत.' टिंग. स्टेशनमास्तर. टिंग. महारथी७, 'मोटरच्या वायरी आणि बोर्डाच्या वायरी एकमेकींना लागून आहेत का? फोटो टाक.' ती उठून फोटो काढायला खाली धावली, जिन्यात ओरडत, "आत्या, मोटरला हात लावू नकोस!" फॉर्म वाऱ्यानं टेबलाखाली गेला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी वेळेबद्दल एक अक्षर बोलले नाही.